अप्पांना फक्त ओ चालतं

स्नेहलतागंज, इंदूर
२१ जून १९९८

प्रिय कुमुद,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील. घाबरू नकोस, घरात सगळे आहेत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं. पट्टी निघाल्यावर तिने पहिलं काय बघितलं, तर माझे पांढरे केस. म्हणाली, "वसुधा, हे कधी झालं गं?" सहा वर्षांत बरंच काही झालंय, ते एका पत्रात मावायचं नाही.

तुझा पत्ता बाबूलालभियाने मिळवून दिला. मिलच्या लूम खात्यात अप्पांच्या हाताखाली होता तो. मिल बंद झाल्यापासून ऑटो चालवतो. त्याची मेहुणी बडोद्यात तुमच्याच कॉलनीत राहते म्हणे. तिच्याकडूनच कळलं की तुला मुलगी आहे, स्पृहा नाव आहे आणि ती दिवसभर बोलते. आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या करत होती. ती लाटतच राहिली. ती पोळी इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली.

हे पत्र लिहितेय ते अप्पांना माहीत नाही. तुझं नाव घरात अजून निघत नाही. मिलच्या गेटवर धरणं चालू होतं, अप्पा बाहेर दरी अंथरून बसलेले, आशिषराव आत अकाउंट्सच्या ऑफिसात, आणि त्याच महिन्यात तू त्यांच्याशी रजिस्टर लग्न केलंस. लोक येताजाता अप्पांना म्हणायचे, "अप्पासाहेब, जवाईच मिलला ताला लावतोय, आता कशाचं धरणं?" ते त्यांच्या मनातून गेलेलंच नाही. आशिषराव तेव्हा नवे लागलेले साधे नोकरदार होते, हे मला कळतं. अप्पांना ते समजावणं माझ्याच्याने झालं नाही.

अप्पा ठीक आहेत. जरा थकतात. संध्याकाळी पायावर सूज येते, चप्पल घट्ट होते. गर्मीमुळे असेल. पोहे समोर ठेवले तर म्हणतात, तोंडाला लोखंडाची चव येते.

आणि एक सहज विचारते. स्पृहाच्या वेळी दवाखान्यात तुझा ब्लड ग्रुप काढला असेल ना? माझ्या आठवणीप्रमाणे ओ पॉझिटिव्ह, अप्पांसारखा. कळव. शाळेत आनुवंशिकता शिकवताना घरचं उदाहरण द्यायला बरं पडतं. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी ताई


१९ जुलै १९९८

प्रिय कुमुद,

चारच ओळी लिहिल्यास आणि त्यातल्या दोन प्रश्नाच्या. अप्पांना काय झालंय, आणि ग्रुप कशाला हवाय. लहानपणीही तुला थापा मारणं मला कधी जमलं नाही.

अप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. मागच्या महिन्यात सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मैडम, सिकुड़ के इतनी-सी रह गई हैं," आणि अंगठा नि तर्जनी जवळ आणून दाखवलं. मी जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं इंग्रजीतून सांगितलं. मी मान हलवत राहिले. फळ्यावर किडनीची आकृती मी डोळे मिटून काढू शकते, पण बापाची किडनी म्हटल्यावर मला त्यातलं काही आठवेना.

कारण रक्तदाब. मिल चालू होती तोवर कामगार बीम्याच्या दवाखान्यातून अप्पांना रोजची गोळी मिळायची. मिल बंद, कार्ड बंद, गोळी बंद. त्यांनी दुसरीकडे दाखवलंही नाही आणि आम्हाला सांगितलंही नाही. रक्तदाब काही दुखत नाही ना. किडनीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात. तिथे रक्त गाळलं जातं. रक्ताचा जोर वर्षानुवर्षं जास्त राहिला की ते गुंते एकेक करून मरतात. अर्ध्याहून जास्त मरेपर्यंत माणसाला पत्तासुद्धा लागत नाही.

आमच्या पुस्तकात उत्सर्जन संस्थेचा धडा वेगळा, रक्ताभिसरणाचा वेगळा, श्वसनाचा वेगळा. चाचण्याही वेगळ्या. अप्पांच्या अंगात सगळे धडे एकदमच उघडलेत. घाण बाहेर जात नाही म्हणून अंगाला खाज सुटते आणि अन्न नको होतं. पाणी बाहेर जात नाही म्हणून ते पायात उतरतं, आणि आडवं झालं की छातीत चढतं. म्हणून ते तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपतात.

ग्रुप मी खरंच सहज विचारला होता. तू मनाला लावून घेऊ नकोस.

एसटीडीवर फोन कर म्हणतेस. बूथमध्ये उभी राहिले की मला रडू येतं आणि बोलायचं राहून जातं. पत्रच बरं.

ताई


१६ ऑगस्ट १९९८

प्रिय कुमुद,

डायलिसिस सुरू झालं. बाबूलालभिया ऑटोतून नेतो-आणतो. पैशांचं नाव काढलं की हात जोडतो. मनगटाजवळ अप्पांची शीर आणि धमनी एकमेकींना जोडली आहे, म्हणजे मशीनला पुरेसं रक्त मिळेल. तिथे बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. पहिल्या दिवशी अप्पांनी स्वतःच हात लावून बघितला आणि केवढ्यांदा म्हणाले, "लूम चालू झालाय!" तुला त्यांचा आवाज माहीतच आहे. लूम खात्यात कान गेले, तेव्हापासून आपल्याशीही ओरडूनच बोलतात. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

सूज उतरली, खाज कमी झाली. मला वाटलं, चला, सावरलं. पण रंग काही परत येईना. ओठ, नखं, पापणीच्या आतली बाजू, सगळं पांढरटच. डॉक्टरांनी सांगितलं आणि मग मला आठवलं, हे तर मला माहीत असायला हवं होतं. किडनी फक्त गाळत नाही. रक्त कमी पडलं की तीच हाडांतल्या मज्जेला निरोप पाठवते, लाल पेशी बनव म्हणून. तो निरोप मशीनला पाठवता येत नाही. मज्जा चांगली आहे, नुसती बसून आहे. काम करायला तयार आहे पण तिला कोणी सांगतच नाही. त्या निरोपाची सुई आता मिळते, बाहेरून येते, सगळंच बाहेरून यायला लागलंय आताशा. पण ती आपल्या आवाक्यातली नाही.

परवा नववीला रक्तगटांचा तक्ता शिकवत होते. कोण कोणाला देऊ शकतं, बाण काढून. पूर्णिमा नावाची एक मुलगी आहे, तिने हात वर केला. "मॅडम, म्हणजे ओ सगळ्यांना देणार, आणि त्याला लागलं तर फक्त ओकडूनच घेणार? ही तर नाइन्साफी झाली ना." वर्ग हसला. मी तिला बस म्हटलं आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

कुमुद, आता लिहूनच टाकते. आई बी आहे, मी बी आहे. डॉक्टरांनी आमची नावं तिथल्या तिथे खोडली. अप्पांना फक्त ओ चालतं. गुजरातेत तुमच्या बाजूला किडनी बसवतात, एका जिवंत माणसाची एक काढून दुसऱ्याला. मुलगी देऊ शकते. ग्रुप त्यासाठी विचारला होता.

मी मागत नाहीये. मागायला मला तोंड नाही. आईच्या ऑपरेशनलासुद्धा या घराने तुला बोलावलं नव्हतं. पण तुला माहीत नसताना अप्पा गेले तर मी स्वतःला काय सांगू, हेही मला कळत नाही.

अप्पांना विचारलं नाहीये. विचारलं तर काय म्हणतील ते तुलाही माहीत आहे.

ताई


६ सप्टेंबर १९९८

प्रिय कुमुद,

तुझं "हो" मिळालं. त्याखाली आशिषरावांनी तीन शब्द लिहिलेत, "मी सोबत आहे." ते मी आईला वाचून दाखवलं. तिने ते पत्र देवाजवळ ठेवलं. मग भीती वाटली म्हणून उचलून डाळीच्या डब्यात ठेवलं.

काल अनंत चतुर्दशी झाली. मिल बंद आहे तरी कामगारांनी वर्गणी काढून मिरवणुकीची झांकी केलीच. अप्पा म्हणाले, रात्री उभं राहवणार नाही, दुपारीच बघून येतो. बाबूलालभिया घेऊन गेला. कंपाउंडात ट्रॉल्यांवर पुतळे बसवणं चाललं होतं. जुने लोक भेटले. तिथेच बाबूलालभियाने विषय काढला. मला त्याने नंतर सांगितलं.

म्हणाला, "अप्पासाहेब, कुमुदताई किडनी देतेय. घ्या."

अप्पा म्हणाले, "त्या घरातलं मला काही नको."

"मिल काय आशिषबाबूने खाल्ली का? ज्यांनी विकायची त्यांनी विकली. तो पण आपल्यासारखाच सडकेवर आला ना भिया? बडोद्याला हौस म्हणून गेला का तो?"

अप्पांनी बल्ब लावणाऱ्या पोरांकडे बघितलं. मग नेहमीसारखे ओरडून बोलले नाहीत. हळू म्हणाले, "तिची पोर लहान आहे, बाबूलाल. तिला कापायचं, आणि माझ्यात घालायचं? मी अजून किती पुरणार?"

हे ऐकलं आणि मला कळेना, इतकी वर्षं आम्ही नक्की कशाला घाबरत होतो. राग असेलच. पण त्याच्याखाली हे होतं.

घरी आल्यावर मला म्हणाले, "तपासण्या करू दे तिला. मग बघू." तपासण्या करून घे, कुमुद. लवकर.

ताई


११ ऑक्टोबर १९९८

प्रिय कुमुद,

तुझे सगळे रिपोर्ट आले. जुळतंय. डॉक्टर म्हणाले, इतकं चांगलं आम्हाला नेहमी बघायला मिळत नाही.

यापुढचं तीनदा लिहून फाडलं.

गुजरातच्या डॉक्टरांनी अप्पांच्या हृदयाचा इको मागवला होता. मंगळवारी केला. हृदय फुगलंय. रक्त इतकं पातळ की प्रत्येक फेरीत त्यातून प्राणवायू कमीच जातो. मग हृदय फेऱ्या वाढवतं. समोर रक्तदाबाचा जोर, आत साचलेलं पाणी. किडनी काम करेना म्हणून हृदयाने जास्त केलं, महिनोन्महिने केलं. आधी त्याची भिंत जाड झाली, मग सैल पडली. आता ते आकुंचन पावतं पण रक्त पुढे जात नाही. पडद्यावर मी बघितलं. ओलं फडकं कोणीतरी हलकेच दाबावं तसं दिसत होतं.

डॉक्टरांनी मला काचेबाहेर बोलावलं. म्हणाले, "अब ट्रांसप्लांट नहीं हो पाएगा। बेहोशी ही नहीं झेल पाएँगे। टेबल पर चले जाएँगे।" अगदी हळू बोलले. मी विचारलं, हृदय सुधारल्यावर? ते म्हणाले, किडनी बसल्याशिवाय हृदय सुधारणार नाही, आणि हृदय सुधारल्याशिवाय किडनी बसवता येणार नाही.

 मला विसरच पडला होता, लूम खात्यातली माणसं त्या आवाजात एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. अप्पा पलंगावरून काचेतून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. आतूनच ओरडले, "डॉक्टरसाब! तो फिर बच्ची को मना कर दीजिए। उसको काटना मत!"

सहा वर्षांत 'ती' सोडून त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी निघालेला तो पहिला शब्द. बच्ची.

तेव्हा किडनीचं राहू दे. तू ये मात्र. दिवाळी झाली की ये.

ताई


२२ नोव्हेंबर १९९८

प्रिय कुमुद,

तू गेल्यापासून घर फार शांत आहे. आई स्पृहाचा राहिलेला एक मोजा धुऊन वाळत घालते, पुन्हा घडी करून ठेवते.

तू वॉर्डात शिरलीस तेव्हा अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. तोंड फिरवलं की त्यांना काहीच ऐकू येत नाही, हे तुला माहीत होतं, तरी तू त्यांच्या पाठीशी बोलत राहिलीस. मी दारात होते. माझ्याच्याने आत येववलं नाही.

मग डॉक्टरांनी सांगितलं की परक्या रक्तामुळे शरीर पुढे किडनी नाकारू शकतं म्हणून इतके दिवस टाळलं, पण आता किडनी बसवायचीच नाही, तर रक्त द्यायला हरकत नाही, थोडी ताकद येईल. तू जे द्यायला आली होतीस ते घेता आलं नाही. एक पिशवी रक्त तेवढं घेता आलं. तू खाली रक्तपेढीत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिसचं मशीन चालू असताना ते रक्त त्यांना चढवलं, तेव्हा तू आईला घेऊन अन्नपूर्णेच्या देवळात गेली होतीस. वॉर्डात काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. अप्पांनी सांगू नको म्हटलं होतं. आज सांगते.

ते पिशवीकडे बघत होते. नर्सला विचारलं, "ये किसका है?" ती म्हणाली, "आपकी बेटी का, बाबूजी।" अप्पा एकेक थेंब पडताना बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. "तिला चक्कर आली का?"

मी म्हटलं, नाही.

"तिला रक्त बघून चक्कर येते. गुडघा फुटला होता तेव्हा शाळेत पडली होती. काही गोड खायला घातलंस का?"

मी म्हटलं, जिलबी खाल्ली. खोटंच सांगितलं.

"बरं केलंस," म्हणाले. मग, "तिला सांगू नको मी विचारलं म्हणून. नाहीतर ती इथेच बसून राहील. तिचं घर आहे तिकडे." आणि डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी येत होतं. मी पुसलं नाही, त्यांना आवडलं नसतं.

त्यानंतर त्यांनी तुझ्याकडे तोंड केलं आणि स्पृहाची शाळा विचारली, ते तू बघितलंसच. इतके दिवस त्यांच्या नखांत रंग होता. वॉर्डाच्या गॅलरीत बसायचे. सेव मागायचे आणि मी नाही म्हटलं की भांडायचे. मला त्या भांडणाने किती बरं वाटायचं.

एकच राहिलं. आशिषराव रोज दवाखान्याखालच्या चहाच्या गाडीपाशी उभे राहायचे. अप्पांनी त्यांना वर बोलावलं नाही, आणि मीही अप्पांना तसं म्हणू शकले नाही. त्यांना माझ्याकडून काय सांगशील ते तूच ठरव.

कालपासून नखं पुन्हा पांढरी दिसताहेत.

ताई


७ फेब्रुवारी १९९९

प्रिय कुमुद,

तेराव्यानंतर स्टेशनवर तू गाडीच्या दारातून विचारलंस, "ताई, मी आधी आले असते तर?" आणि गाडी हलली. तुला वाटलं असेल, ताईला ऐकू आलं नाही. आलं होतं.

शेवटच्या दिवसांचं आधी सांगते. त्या गर्दीत सांगायला जमलं नाही. डिसेंबरच्या शेवटी हृदयाचं काम फार कमी झालं. रक्तदाब इतका खाली जायचा की मशीन लावता येईना. मशीन नाही म्हणून रक्तात घाण साचून युरिया वाढला, आणि तो मेंदूत चढला. अप्पांना आपण खात्यात आहोत असं वाटायचं. हाताने धागा जोडायची खूण करायचे, कोणालातरी ओरडायचे, "बंद कर, बंद कर, ताणा तुटतोय!" आई त्यांचे हात धरून बसायची. तिला म्हणायचे, "लीला, तू खात्यात कशाला आलीस? इथे बायकांनी यायचं नसतं."

जायच्या आदल्या दुपारी जरा शांत झाले. माझ्याकडे बघून एकदम म्हणाले, "आशिष वर आला का?"

मी म्हटलं, "कोण आशिष, अप्पा?" मला खात्री करून घ्यायची होती.

"आशिष. खालीच उभा असतो तो. त्याला वर बोलव." आणि लगेच पुन्हा धागा जोडायला लागले.

ते शुद्धीत म्हणाले की युरिया बोलत होता, मला सांगता येत नाही, कुमुद. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, ऐसी हालत में कुछ कह नहीं सकते. आशिषरावांना तू हे सांग, पण हे दोन्ही सांग. अर्धं सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांच्यासाठी मुगाचं पाणी गाळत होती. श्वास आधी घरघरला, मग लांब लांब व्हायला लागला. मी मनगटावर बोट ठेवलं होतं, त्या जोडलेल्या शिरेवर. थरथर बारीक होत गेली. मला माहीत होतं आत काय काय कशामुळे थांबतंय, एकामागून एक, क्रमाने सांगता आलं असतं. आणि मी बोट ठेवून बसले होते. बाकी काही करता आलं नाही.

आता तुझं विचारणं. तू आधी आली असतीस तर? गोळी बंद झाली तेव्हाच कोणाच्या लक्षात आलं असतं तर कदाचित. हृदय सैल पडायच्या आत किडनी बसली असती तर कदाचित. पण मिल बंद झाली नसती तर, अप्पा बोलले असते तर, असं मागे मागे जात राहिलं की कुठे थांबायचं कळत नाही. मी रोज जाते आणि रोज तिथूनच परत येते. 

एक गोष्ट मात्र मला माहीत आहे. लाल पेशी चारेक महिने जगतात. दुसऱ्याच्या अंगात गेल्या तरी पुष्कळशा टिकतात. तू रक्त दिल्याला दोन महिनेही झाले नव्हते. म्हणजे त्या सकाळी माझ्या बोटाखाली जे शेवटचं हलत होतं, त्यात तू होतीस.

हे तुझी समजूत काढायला लिहीत नाही. समजूत काढता आली असती तर आधी माझी काढली असती. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

ताई